चावीच्या चकतीवरचं गाव

माळ्यावरून काढलेला घासलेटचा जुना दिवा कुणी बनवला हे कळायला आपण त्याची काच बघतो, पितळ बघतो, हातात घेऊन वजन बघतो. जाणकार माणूस आधी चावी बघतो. वात वर-खाली करायची बारीक दांडी आणि तिच्या टोकाची ती रुपयाएवढी चकती. दोन-तीन पिढ्यांनी दिवेलागणीला रोज तीच चिमटीत धरलेली असते. त्यामुळे काजळी, तेल आणि बोटांचा मळ यांचा घट्ट थर तिच्यावर बसतो. तो निघाला की खाली अक्षरं दिसायला लागतात. कधी पूर्ण नाव, कधी नुसती आद्याक्षरं, कधी पेटंटची तारीख. आमच्या सौंसर गावातल्या एखाद्या जुन्या घरातल्या दिव्यावर अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या वॉटरबरी गावच्या 'प्लूम अँड ॲटवुड'चं नाव निघू शकतं, आणि ज्या बोटांनी ती चकती हजारो वेळा फिरवली त्यांच्यापैकी कुणीही ते वाचलेलं नसतं!

थर काढायची रीत साधी, पण धीराची आहे. चकतीला घासलेटात भिजवलेलं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवायचं, सकाळी दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशनं हलकं घासायचं. चिंच नको, रांगोळी नको, सँडपेपर तर मुळीच नको. पितळ चकचकीत करायच्या हौसेपायी जितके दिवे मुके झाले, तितके पडून फुटले नसतील. अक्षरं झिजलेली असली तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरावा. उंचवट्याची सावली पडते आणि समोरून न दिसणारं अक्षर उमटतं. तेही जमलं नाही तर पातळ कागद वर दाबून शिसपेन्सिल तिरकी घासावी, लहान मुलं नाण्याचा छाप घेतात तशी. 'हिंक्स' असं नाव आलं तर दिवा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. या हिंक्सनी १८६५च्या सुमारास दोन चपट्या वाती शेजारी-शेजारी लावलेला 'ड्युप्लेक्स' बर्नर बाजारात आणला. त्याला दोन वातींसाठी दोन चाव्या असतात, त्यामुळे तो लांबूनही ओळखता येतो.

'कॉसमॉस' हा शब्द दिसला तर मात्र लगेच निकाल देऊ नये. तो मुळात बर्लिनच्या 'वाइल्ड अँड वेसेल' या कारखान्याचा बर्नर. तो इतका चालला की इतर कारखान्यांनीही त्याच घडणीचे बर्नर त्याच नावानं काढले. 'पेट्रोमॅक्स' या गॅसबत्तीच्या नावाचं आपल्याकडे झालं तेच. म्हणजे 'कॉसमॉस' हे बनवणाऱ्याचं नाव नाही, बर्नरच्या जातीचं आहे. बनवणारा शोधायचा तर शेजारची बारीक आद्याक्षरं बघायला हवीत.

हे दिवे आमच्या मुलखात आले कसे, हेही बघण्यासारखं आहे. सौंसर आज मध्य प्रदेशात आणि २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे, पण बाजारहाट पहिल्यापासून नागपूरशी. १९५६ पर्यंत तर राजधानीही नागपूरच होती. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, पुढे कलकत्त्याकडून बंगाल-नागपूर रेल्वे आली. त्यामुळे दोन्ही बंदरांतला माल नागपुरात उतरायचा आणि तिथून वर यायचा. पांढुर्णा इटारसीच्या मोठ्या लाइनवर. सौंसर छिंदवाड्याला जाणाऱ्या अडीच फुटी छोट्या लाइनवर. म्हणून आमच्याकडच्या भंगारात मुंबईच्या व्यापाऱ्यानं आणवलेला जर्मन बर्नर आणि कलकत्त्याकडून आलेली इंग्रजी टाकी एकाच पोत्यात सापडली तर दचकायचं कारण नाही.

कधी कधी तर ती दोन्ही एकाच दिव्यात असतात. असा दिवा जोडून जोडून बनलेला असतो. तेलाची टाकी एका कारखान्याची, बर्नर दुसऱ्याचा, काच तिसऱ्या देशाची, आणि तुटलेला पाय गावातल्या कारागिरानं डाग देऊन बसवलेला. हे जमायचं, कारण आटे आणि मापं ठरलेली होती. अमेरिकन बर्नरना नंबर असत: एक नंबरची वात पाच अष्टमांश इंच रुंद, दोन नंबरची एक इंच. नंबर जुळला की कुठल्याही कारखान्याचा बर्नर कुठल्याही टाकीवर बसे. जर्मन बर्नर मात्र 'लाइन'मध्ये मोजत. चौदा लाइनचा, दहा लाइनचा. ही लाइन म्हणजे जुन्या फ्रेंच इंचाचा बारावा भाग, सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. फ्रान्सनं १७९५ मध्ये मीटर स्वीकारून आपला इंच मोडीत काढला. पण बर्लिनच्या कारखान्यांनी दिव्यासाठी तो राखला, आणि फ्रेंच राजांच्या काळचं हे माप सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पोहोचलं. म्हणून 'हा दिवा कुणाचा?' हा प्रश्न मला नेहमी थोडा अपुरा वाटतो. विचारायचं तर भागाभागाला विचारावं.

आता ज्या भागावर कधी नाव नसतं, त्या ज्योतीबद्दल थोडं. घासलेटच्या दिव्याचा पिवळा उजेड म्हणजे तापून लाल-पिवळे झालेले काजळीचे कण. जी काजळी आपण रोज संध्याकाळी राखेनं पुसून काढायचो, तिच्याशिवाय उजेडच नाही! मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये मुलांपुढे दिलेल्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानांत हेच दाखवलं होतं. सगळी कसरत एवढीच की कण ज्योतीत तापून उजळावेत आणि बाहेर पडण्याआधी जळून जावेत. त्यासाठी हवा नेमकी लागते. कमी पडली तर धूर, जास्त झाली तर फडफड.

१७८० मध्ये जिनिव्हाचे एमे आर्गां यांनी वात नळीसारखी गोल केली, मधून हवा सोडली आणि वर काचेची नळी ठेवली. फुटक्या बाटलीचा गळा सहज ज्योतीवर धरला गेला आणि उजेड एकदम वाढला, अशी त्याबद्दलची आख्यायिका आहे. खरी-खोटी काहीही असो, कारण खरं आहे. काचेच्या नळीत गरम हवा वेगानं वर जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. आर्गांच्या दिव्यात जळायचं ते वनस्पतीचं किंवा देवमाशाचं तेल. घासलेट आलं नंतर. ३१ जुलै १८५३ च्या रात्री ल्विव्हच्या इस्पितळात इग्नात्सी वुकासेविच या औषधविक्यानं बनवलेल्या दिव्यांच्या उजेडात तातडीची शस्त्रक्रिया झाली. पोलंडचे लोक घासलेटच्या दिव्याचा जन्म त्या रात्रीचा मानतात.

हे डोक्यात ठेवून आता आपला कंदील बघा. दोन्ही बाजूंनी खालपर्यंत येणाऱ्या पत्र्याच्या नळ्या कडी अडकवायला आहेत असंच बहुतेकांना वाटतं. त्या कंदिलाच्या नाकपुड्या आहेत. अमेरिकेत जॉन अर्विन या गृहस्थानं १८७० च्या मागेपुढे ही युक्ती काढली. आधी त्यानं केला तो गरम हवेचा कंदील: काचेतून वर आलेली गरम हवा डोक्याखाली अडवून नळ्यांतून पुन्हा ज्योतीकडे पाठवायची. वारा बाहेरून शिरायला जागाच कमी, म्हणून ज्योत विझत नाही. पण त्या हवेत धूर मिसळलेला, म्हणून उजेड मंद. मग त्यानं दुसरा केला. यात धूर मधल्या धुराड्यातून बाहेर जातो आणि नळ्या बाजूनं ताजी, थंड हवा ओढतात. उजेड एकदम वाढला. ओळखायची खूण डोक्याजवळच आहे. नळ्यांची तोंडं आणि धुराडं वेगवेगळी दिसली तर कंदील थंड हवेचा. नळ्या थेट काचेवरच्या टोपीखालूनच निघत असल्या तर गरम हवेचा. अर्विनचे हक्क न्यूयॉर्कच्या रॉबर्ट डिट्झ यांच्या कंपनीनं घेतले आणि 'डिट्झ' हे नाव जगभर गेलं. पुढे जर्मनीत, जपानात, आपल्याकडे जे कंदील झाले त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात हाच नळ्यांचा जोड आहे.

जर्मन मालाचं वय ठरवणं तुलनेनं सोपं, कारण ते लोक ठसे मारण्यात पक्के. 'डी.आर.पी.' ही अक्षरं म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, ते १८७७ पासून. 'डी.आर.जी.एम.' म्हणजे छोट्या सुधारणेची नोंद, ती १८९१ पासून. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाबरोबर संपली. तेव्हा 'डी.आर.जी.एम.' असलेला बर्नर १८९१ च्या आधीचा असूच शकत नाही, विकणारा काहीही सांगो. 'पश्चिम जर्मनी' असं असेल तर १९४९ नंतरचा. 'फॉयरहँड' कंदील, म्हणजे पेटत्या हाताचं चित्र असलेला, हेरमान नियर यांच्या कारखान्याचा. तो आधी सॅक्सनीतल्या बायरफेल्डला होता, युद्धानंतर उत्तरेला होहेनलॉकश्टेडला आला. त्याच्या काचेवर 'येना' दिसलं तर काच ऑटो शॉट यांच्या घराण्याची. त्यांनी १८८४ मध्ये येना गावात कारखाना काढला आणि काचेत बोरॉन मिसळून ती तापल्यावर कमी फुगेल अशी केली. पावसाचा थेंब उडाला की 'टच' करून तडकणारी काच ज्यांनी पाहिली आहे, ज्यांच्या घरी तडकलेल्या काचेला कागदाची पट्टी चिकटवून आणखी एक पावसाळा काढला आहे, त्यांना या बोरॉनची किंमत समजावून सांगायला नको.

पेटंटच्या तारखेबद्दल मात्र सावध राहावं. चकतीवरचं १८७३ म्हणजे युक्ती तेव्हा नोंदवली गेली एवढंच. चकती वीस-पंचवीस वर्षांनंतरचीही असू शकते. तारीख दिव्याचं वय सांगत नाही, 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. इंग्रजी मालावर हिऱ्याच्या आकाराचा शिक्का असेल तर नोंद १८४२ ते १८८३ मधली, 'आर.डी.' आणि पुढे आकडा असेल तर १८८४ नंतरची. आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळचा म्हणून दाखवलेल्या जहाजी कंदिलाला फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर हात जोडून पुढे चालावं. हेन्री फिलिप्स यांनी त्या स्क्रूची पेटंटं १९३६ मध्ये घेतली.

या सगळ्या परदेशी नावांच्या गर्दीत एक ठसा असा आहे की तो दिसला की मराठी माणसाचा हात थांबतो: 'प्रभाकर'. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ ओगलेवाडी आहे. तिथला ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना १९१६ चा, तेव्हाच्या औंध संस्थानाच्या हद्दीतला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिली होती. ओगले बंधूंनाही त्यांचाच आधार मिळाला. काळ बघा. १९१४ ला युद्ध पेटलं आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल बंद झाला. दिव्याच्या काचा मुख्यतः तिकडूनच यायच्या. खेड्यापाड्यांत दिवे होते, घासलेट होतं, काच नव्हती. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ पासून चालू होता, म्हणजे आपल्याकडे भट्टीवर उभा राहणारा माणूस तयार व्हायला लागला होता. ओगल्यांनी काचेपासून सुरुवात केली आणि पुढे पूर्ण कंदीलच बनवायला घेतला. श्रीपाद प्रभाकर ओगले, गुरुनाथ प्रभाकर ओगले ही त्या घरातली नावं. वडिलांचं नाव त्यांनी कंदिलाला दिलं.

काच कारखान्यानं कंदील बनवणं आज आपल्याला सरळ वाटतं, पण ते दोन वेगळे धंदे आहेत. काचेला वाळू, सोडा, चुना आणि भट्टी लागते, आणि फुंकलेली काच सावकाश निववण्याचं कसब लागतं. घाईनं निवली तर पहिल्याच संध्याकाळी तडकते. कंदिलाला पोलादी पत्रा, दाबयंत्रं आणि साचे लागतात. टाकीचा सांधा गळता कामा नये, नळी वाकताना चेपता कामा नये, चावीचे दाते वातीत नेमके रुतले पाहिजेत. एका कंदिलात ही दोन्ही विश्वं एकाच वाडीत जुळवली गेली, आणि तो परदेशी मालाच्या शेजारी दुकानात टांगून विकला गेला. स्वदेशीवर भाषणं खूप झाली. पण तिचा पुरावा मला विचाराल तर मी प्रभाकर कंदिलाच्या टाकीचा सांधा दाखवीन.

पेट्रोमॅक्सची गोष्ट वेगळीच आहे. लग्नाची वरात, कीर्तन, दंडार, गणपती: खेड्यात रात्रीची गर्दी म्हटली की गॅसबत्ती हवीच. ती बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झची, १९१० च्या सुमाराची. नावातला 'मॅक्स' म्हणजे मॅक्स ग्रेट्झ. हिच्यात वात नाही. पंपानं दाबलेलं घासलेट तापलेल्या नळीत जाऊन वाफ होतं, बारीक भोकातून उसळतं आणि रेशमी जाळीत जळतं. त्या जाळीला आपण मेंटल म्हणतो. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि उरतो तो राखेचा नाजूक सांगाडा. बोट लागलं की खल्लास. तोच पांढराशुभ्र उजळतो. या सांगाड्यात नव्याण्णव भाग थोरियमचं ऑक्साइड आणि एक भाग सेरियमचं, हे प्रमाण ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी १८९१ मध्ये बसवलं.

आणि थोरियम कुठून? १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. माग काढत तो मनवलाकुरिचीच्या किनाऱ्यावर पोहोचला, आणि ती वाळू युरोपला जायला लागली. कन्याकुमारीजवळची वाळू जर्मनीला, जर्मनीतली बत्ती नागपूरला, आणि नागपूरहून भाड्यानं आणलेली तीच बत्ती सौंसरच्या एखाद्या मांडवात डोक्यावर! बत्ती ओळखायची तर टाकीवरचा आकडा बघा. ८२९ हा पाचशे मेणबत्त्यांच्या उजेडाचा, सगळ्यांत परिचयाचा.

रेल्वेच्या हातबत्त्या हा स्वतंत्र प्रांत आहे. इथे फक्त ठशाची खूण सांगतो. आतला डबा फिरवला की लाल, हिरवा, पांढरा असे रंग बदलणारी बत्ती हाती लागली आणि तिच्यावर 'बी.एन.आर.' असेल तर ती १९५२ च्या आधीची. त्या साली बंगाल-नागपूर रेल्वे पूर्व रेल्वेत विलीन झाली. 'एस.ई.आर.' असेल तर १९५५ च्या नंतरची. आमची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, मोठ्या लाइनचं काम झालं, आणि स्टेशनांवरचं कितीतरी सामान कुठल्या कुठे गेलं. जे वाचलं त्यातलं काही नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात बघायला मिळतं.

खोका किंवा दुकानाचं बिल सापडलं तर ते दिव्याइतकंच जपावं. किंमत आण्यांत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीची. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर बिल ऑगस्ट १९७२ नंतरचं. टाकीच्या तळाला निळसर डाग असेल तर दिवा रेशनच्या निळ्या घासलेटावर जळलेला आहे, म्हणजे जुना असला तरी बऱ्याच उशिरापर्यंत कामात होता.

राहिली चिमणी, आमच्या इकडची ढिबरी. तिला काच नाही, चावी नाही, म्हणून चकतीही नाही. संग्राहक तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि मला वाटतं तिथे ते चुकतात. तिचा पत्रा आला कुठून? घासलेट चार गॅलनच्या चौकोनी डब्यांतून यायचं. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युएल यांचं 'म्युरेक्स' हे तेलवाहू जहाज रशियन घासलेट घेऊन सुएझ कालव्यातून पूर्वेला आलं. सुटं तेल स्वस्त पडणार असा त्यांचा हिशेब होता. पण लोक अडून बसले, त्यांना तेलाइतकाच डबाही हवा होता. कौलाच्या जागी, बादलीच्या जागी, पिंपाच्या जागी, सगळीकडे तोच कामाला यायचा. अमेरिकन स्टँडर्ड ऑइलचे डबे निळे होते. सॅम्युएल यांनी इकडेच पत्रा आणवून लाल डबे बनवले आणि तेल त्यांत भरून विकलं. रिकामा डबा शेवटी पत्रेकाम करणाऱ्याकडे जायचा आणि त्याची चिमणी व्हायची. तेल ज्या डब्यातून आलं, त्याच डब्यात ते जळायचं.

म्हणून चिमणी उलटी करून तिच्या तळाशी आणि सांध्याच्या घडीत बघावं. कारागीर छापील बाजू आत वळवायचा, आणि तिथे रंगाचा पट्टा, अर्धं अक्षर, चित्राचा तुकडा शिल्लक असतो. नारळाच्या झाडाची झावळी दिसली तर तो डालड्याचा डबा, म्हणजे १९३७ नंतरचा. बनवणाऱ्याचं नाव नसलं तरी एका घरातल्या दोन चिमण्या शेजारी ठेवून डागाची रेघ, पत्र्याची घडी आणि कानाचा वळसा जुळवून पाहावा. तिन्ही जुळले तर दोन्ही एकाच हातच्या. मग त्या हाताचा शोध वॉटरबरीत किंवा बर्लिनमध्ये करायचा नसतो. आठवडी बाजारात जुन्या माणसांपैकी कुणाला तरी विचारायचं असतं, की गावात पत्र्याचं काम तेव्हा कोण करायचं.